वर्गातल्या मुलाची अब्रू

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात, औसा येथे एका प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी बहुधा निकालाची टक्केवारी, नवीन इमारत, स्पर्धा परीक्षा या विषयांवर बोलले जाते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी आपणांस त्याहून लहान दिसणाऱ्या एका विषयाकडे नेणार आहे. सकाळची घंटा झाल्यापासून शाळा सुटेपर्यंत पहिली ते सातवीच्या वर्गात जे घडते त्याविषयी मला बोलायचे आहे. कुणाची पेन्सिल हरवते, कुणी कुणाला चिडवते, कुणी डबा आणलेला नसतो, कुणाच्या घरी रात्री भांडण झालेले असते, कुणाचे वडील वारलेले असतात. या गोष्टी पाठ्यपुस्तकात नसतात आणि वेळापत्रकात त्यांना तासही नसतो. तरीही शिक्षकाचा पुष्कळसा वेळ त्यांतच जातो, आणि मुलाला शाळा आवडते की नाही हेही बहुतेक वेळा त्यांवरच ठरते.

आपल्या बोलण्यात 'अब्रू' हा शब्द नेहमी येतो. मूळचा हा फारसी शब्द. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती आबरू. मराठीत तो असा मुरला आहे की कुणाला परका वाटत नाही. आपण खानदानाची अब्रू म्हणतो, मोहल्ल्याची अब्रू म्हणतो, शाळेची अब्रू म्हणतो. सहा वर्षांच्या मुलालाही अब्रू असते, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. मोठ्या माणसाचा चारचौघांत अपमान झाला तर तो जाब विचारतो, नाही तर उठून जातो. मुलाला यांपैकी काहीच करता येत नाही. ते मान खाली घालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखते म्हणून घरी राहते.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच शाळा सोडून गेली होती, असे त्यात नमूद आहे. याची कारणे पुष्कळ आहेत. गरिबी आहे, लवकर कामाला लावणे आहे, जवळ शाळा नसणे आहे. ही सारी कारणे एका शिक्षकाच्या किंवा एका पालकाच्या हातातली नाहीत. पण जे मूल शाळेच्या दारापर्यंत आले, ते वर्गात झालेल्या अपमानामुळे परत फिरू नये, एवढे निश्चितपणे आपल्या हातात आहे. म्हणून माझे आजचे सांगणे एकच आहे: वर्गातला कोणताही प्रश्न सोडवताना प्रथम मुलाची अब्रू राखा. आता हे रोजच्या व्यवहारात कसे करावयाचे ते पाहू.

अगदी साधा प्रसंग घ्या. वर्गात कुणाची तरी वस्तू हरवते. ताबडतोब झडती सुरू होते, सर्वांची दप्तरे उलटी केली जातात. वस्तू एका मुलाच्या दप्तरात सापडते आणि त्या क्षणापासून तो वर्गाचा 'चोर' होतो. सातवीत गेला तरी ते नाव पुसले जात नाही. पहिली-दुसरीच्या वयात 'माझे' आणि 'तुझे' यांतली रेषा पक्की झालेली नसते. रंगीत खोडरबर आवडले, उचलले, एवढाच तो प्रकार असतो. अशा वेळी शिक्षकाने सांगावे, "ज्याला ते सापडले असेल त्याने मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावरच्या डब्यात ठेवावे. मी कुणालाही विचारणार नाही." वस्तू बहुधा परत येते. एकच मूल पुन्हा पुन्हा उचलत असेल तर त्याला एकट्याला जवळ बसवून बोलावे. पुष्कळदा असे आढळते की त्याच्याजवळ स्वतःची पेन्सिलच नाही. म्हणून वर्गात चार पेन्सिली आणि दोन वह्या सर्वांसाठी ठेवलेल्या असाव्यात. पालकांनाही माझी विनंती आहे की आपल्या मुलाची वस्तू हरवली तर वर्गाच्या दारात उभे राहून दुसऱ्याच्या मुलाचे नाव मोठ्याने घेऊ नका. शिक्षकाला बाजूला बोलावून सांगा.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. एखाद्या मुलाच्या अंगाला वास येतो, मुलीच्या डोक्यात उवा असतात, शेजारी बसायला कुणी तयार नसते. शिक्षकाने सर्वांसमोर "आंघोळ केली नाहीस का?" असे विचारले की वर्ग हसतो. आपण ज्या भागात राहतो तेथील पाण्याची स्थिती आपणांस ठाऊक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत मळका गणवेश हा मुलाचा दोष कसा मानायचा?

या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रात एक फार चांगला पाठ घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. त्यांच्या बालवाडीत आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे हा दिवसाच्या कामाचाच भाग होता. जे सर्वांचे काम आहे त्यात एकट्याला लाज वाटण्याचे कारण राहत नाही. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून रूढ झाला. आपल्या शाळेतही आठवड्याचा एक दिवस नखांचा आणि केसांचा ठेवता येईल. त्या दिवशी शिक्षकांनी आपले हातही मुलांसमोर धरावेत.

तिसरी गोष्ट 'ढ' या शिक्क्याची. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवते, हाक मारली तरी ओ देत नाही, वाचताना अडखळते. आपण त्याला मागच्या बाकावर बसवतो आणि त्याच्या नावावर काट मारतो. असा शिक्का मारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. मागच्या बाकावरून फळ्यावरची ओळ त्याला वाचायला सांगा. मग त्याची पाठ आपल्याकडे करून हळू आवाजात त्याचे नाव घ्या. डोळ्यांचा किंवा कानाचा दोष असेल तर तेवढ्यानेही पुष्कळदा कळून येते. कान वाहत असलेले मूल कमी ऐकते आणि आपण त्याला बेपर्वा म्हणतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. पथकाने चष्मा लिहून दिला तर तो करून घ्या. मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळ येणार नाही, या भीतीने कित्येक घरांत तो टाळला जातो. त्या मुलीची फळ्यावरची अक्षरे मात्र दरवर्षी अधिक पुसट होत जातात.

काही मुलांचे डोळे-कान ठीक असतात, बुद्धीही चांगली असते, तरी अक्षरे त्यांच्यापुढे स्थिर राहत नाहीत. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा अनेक आईबापांना ही अडचण प्रथमच समजली. अशा मुलाला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये. त्याने आपल्याजवळ बसून वाचावे. तोतरे बोलणाऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याचे होईपर्यंत थांबावे. शिक्षक थांबला की वर्गही थांबायला शिकतो.

आता भाषेविषयी. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी दखनी बोलली जाते. ती 'हौ' म्हणतात, 'नक्को' म्हणतात. हा 'नक्को' आपल्या मराठीतल्या 'नको'वरूनच आलेला आहे. हीच मुले मराठी शाळेत 'शाला' आणि 'पानी' म्हणाली की हशा पिकतो, कारण ळ आणि ण हे उच्चार त्यांच्या घरच्या बोलीत नाहीत. उर्दू शाळेत तीच मुले 'कलम'ला 'खलम' म्हणतात म्हणून तेथेही बोलणी खातात. म्हणजे दोन्ही दारांत मुलाची जीभच गुन्हेगार ठरते. त्यात पुन्हा पहाटे मकतबात ते उजवीकडून डावीकडे वाचते आणि दहा वाजता शाळेत डावीकडून उजवीकडे. पहिलीतल्या मुलाने वही उलट्या बाजूने सुरू केली तर तो खुळेपणा नव्हे. दोन लिपी एकदम शिकण्याचा तो श्रम आहे. त्याला एक सोपी खूण सांगावी. आकडे मात्र दोन्हीकडे डावीकडूनच उजवीकडे लिहितात. गणिताच्या वहीपासून सुरुवात केली तर त्याचा गोंधळ लवकर सुटतो.

आपल्या औशातील जुन्या पिढीने याच्या उलट अनुभव घेतलेला आहे. १९४८ पूर्वी आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तेथील कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी बोलणाऱ्या कितीतरी मुलांना त्या काळी परक्या भाषेतून शिकावे लागले. त्यांना काय वाटले असेल ते आज आपले मूल सांगू शकेल, आणि आपल्या मुलाला काय वाटते ते त्या पिढीतले आजोबा सांगू शकतील. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. सात वर्षांचे सक्तीचे आणि मोफत शिक्षण मातृभाषेतून मिळावे, या विचारावर त्या समितीने आपली योजना बांधली होती. भाषा सुधारावी, जरूर सुधारावी. पण मुलाचा शब्द आधी स्वीकारावा आणि मग त्याच्या शेजारी प्रमाण शब्द ठेवावा. "घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात," एवढे म्हटले की काम होते. त्यात मुलाच्या आईचा अपमान होत नाही.

शिक्षेविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. मूल उस्तादांच्या हवाली करताना आपल्याकडे म्हणण्याची एक जुनी रीत आहे: "गोश्त आपका, हड्डी हमारी." यामागे उस्तादांविषयीचा आदर आहे हे मी जाणते. परंतु ते वाक्य आता आपण सोडून दिले पाहिजे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निकाल दिला, तेव्हा आपल्याला छडीची मोकळीक आहे असे कुणी समजू नये. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला २०१५ चा बालन्याय कायदा शिक्षा सांगतो, आणि तो शाळा कुणाची आहे हे विचारत नाही. शिवाय आपल्या शाळा समाजाच्या आहेत. त्या कायद्याच्या एक पाऊल पुढे असाव्यात.

मग शिस्त कशी राखायची, हा शिक्षकांचा रास्त प्रश्न आहे. साठ मुलांचा वर्ग गोड शब्दांनी चालत नाही, असे ते म्हणतात. त्यांना मी एवढेच सुचवते. नियम थोडे ठेवा, चार किंवा पाच, आणि ते मुलांकडूनच ठरवून घेऊन भिंतीवर लावा. गोंधळ करणाऱ्याचे नाव ओरडण्यापेक्षा त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहा. दोघे भांडले तर प्रत्येकाला दुसऱ्याने मध्ये न बोलता आपली हकीकत सांगू द्या. ज्याने सांडले त्याने पुसावे, ज्याने फाडले त्याने चिकटवावे. अंगठे धरून उभे राहिल्याने फाटलेली वही नीट होत नाही. आणि शाबासकी मात्र सर्वांसमोर द्या. चूक एकांतात आणि कौतुक चारचौघांत, एवढा नियम पाळला तरी वर्ग पुष्कळ शांत होतो.

येथपर्यंत रोजच्या गोष्टी झाल्या. आता ज्या गोष्टी बोलायला जड जातात त्यांकडे वळते.

मृत्यू ही त्यांतली पहिली. आपल्याच तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, त्यांखाली लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे बांधण्याचा विचार सर्वांनी केला. मुलांच्या शाळेचा विचार ज्यांनी तितक्याच तातडीने केला त्यांत भारतीय जैन संघटनेचे नाव घ्यावे लागेल. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाची आणि राहण्याची व्यवस्था त्या संघटनेने पुण्यात केली. ज्या मुलाचे सारे हरवले आहे त्याला रोजची घंटा, रोजचा डबा आणि ओळखीचे शिक्षक यांचा केवढा आधार असतो, हे त्या काळाने आपल्या जिल्ह्याला शिकवले.

अशा आपत्तीतून आलेले मूल छताखाली बसायला घाबरते, दार वाजले की दचकते, मोठे झालेले असूनही अंथरूण ओले करते, खेळात पुन्हा पुन्हा घर रचते आणि पाडते. तो खोडकरपणा नसतो. त्याला दाराजवळची जागा द्यावी, खेळू द्यावे, बोलले तर ऐकावे, बोलले नाही तर खोदून विचारू नये.

भूकंप नेहमी होत नाही, पण घरातले माणूस जाणे हे कोणत्याही वर्षी कोणत्याही वर्गात घडते. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या साथीत कितीतरी मुलांनी आई किंवा वडील गमावले. असे मूल शाळेत परत येण्याआधी शिक्षकाने वर्गाला सांगून ठेवावे, म्हणजे आल्या आल्या त्याच्याभोवती प्रश्नांचा गराडा पडत नाही. "आता तूच घरचा कर्ता," असे आठ वर्षांच्या मुलाला सांगू नये. तो भार त्याचा नव्हे. लहान मुलाला "अब्बा झोपले आहेत" असेही सांगू नये. मग ते रात्री स्वतः झोपायला भिते, किंवा अब्बा उठण्याची वाट पाहते. "अब्बा वारले, ते आता परत येणार नाहीत, तुझ्याजवळ आम्ही आहोत," असे साध्या शब्दांत सांगावे. मूल तासाभराने हसत खेळू लागले तर त्याला दुःख नाही असे समजू नये. त्या वयाचे दुःख थोडे थोडे येते आणि जाते.

याच संदर्भात निबंधाचे विषय तपासावेत. 'माझे वडील' हा विषय फळ्यावर लिहिला की कुणाचे वडील वारलेले असतात, कुणाचे आईला सोडून गेलेले असतात, कुणाचे दूर गावी कामाला असतात. 'माझ्या घरातील एक मोठे माणूस' असा विषय दिला तर प्रत्येकाला लिहिता येते. कुणी नानीवर लिहील, कुणी चाचावर. तलाक, दुसरे लग्न, घरातली भांडणे यांविषयी मुलाकडून माहिती काढू नये. शिक्षकांच्या खोलीत तर ती मुळीच चघळू नये. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे.

यानंतरचा विषय चिडवण्याचा. नावावरून, रंगावरून, व्यंगावरून चिडवतात तसे मुले धर्मावरून आणि जातीवरूनही चिडवतात. गावात किंवा देशात काही तणाव झाला की दुसऱ्या दिवशी मोठ्यांचे शब्द लहानांच्या तोंडी येतात. क्रिकेटचा सामना असला तरी येतात. आपले मूल दुसऱ्या शाळेत असे शब्द ऐकून येते तेव्हा आपल्या काळजाला घरे पडतात. परंतु आपण आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. आपली मुले दुसऱ्यांच्या देवांविषयी काय बोलतात? शाळा झाडणाऱ्या बाईंच्या मुलाला काय म्हणतात? 'पिंजाऱ्याचा', 'फकिराचा', 'कसाबाचा' असे टोमणे आपल्याच वर्गात आपल्याच मुलांना दिले जात नाहीत काय? ते शब्द मुलांनी घरीच ऐकलेले असतात.

अशा वेळी शिक्षकाने ऐकले न ऐकल्यासारखे करू नये. शिक्षक गप्प बसला तर वर्ग ती संमती समजतो. तेथल्या तेथे शांतपणे सांगावे, "हा शब्द या वर्गात चालणार नाही." ज्याला बोलले गेले त्याच्याजवळ नंतर बसावे, आणि ज्याने बोलले त्यालाही एकट्यात विचारावे की हा शब्द त्याने कोठे ऐकला. त्यालाही अब्रू आहे. त्याला सर्वांसमोर वाईट ठरवले तर तो शब्द सोडत नाही, लपवायला शिकतो. वरिष्ठांच्या परवानगीने जवळच्या मराठी शाळेशी मिळून खेळाचे सामने, विज्ञान प्रदर्शन, एकत्र सहल असे उपक्रम दरवर्षी घ्यावेत. कबड्डीच्या एकाच संघात खेळलेली मुले एकमेकांना नावाने ओळखतात. नावाने ओळखणाऱ्याला चिडवणे जड जाते.

रमजानच्या महिन्यात वर्गात एक प्रश्न हौसेने विचारला जातो: "आज रोजा कुणाकुणाचा आहे? हात वर करा." लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. ज्याचा आहे त्याला शाबासकी घरी मिळते. ज्याचा नाही त्याला अशक्तपणा असेल, औषध चालू असेल, घरच्यांनी मना केले असेल. त्याने हात खाली ठेवून सर्वांच्या नजरा का झेलाव्यात? आणि पाचवी-सहावी-सातवीच्या मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. वयात आलेल्या मुलीला महिन्याचे काही दिवस रोजा नसतो. तिला चारचौघांत कारण विचारणे म्हणजे तिला रडकुंडीला आणणे होय. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला मासिक पाळीविषयी आईने आधीच सांगून ठेवावे. शाळेत एका शिक्षिकेकडे कपाटात पॅड आणि एक जादा सलवार ठेवलेली असावी, आणि ती कोठे मागायची हे प्रत्येक मुलीला माहीत असावे. स्वच्छतागृहाला आतून कडी असावी आणि आत पाणी असावे. या सोयींसाठी मोठी रक्कम लागत नाही. पण त्या नसतील तर मुलगी महिन्यातून चार दिवस घरी राहते आणि एके दिवशी कायमची राहते.

शेवटचा विषय सर्वांत कठीण आहे, आणि येथे मला 'अब्रू' या शब्दाविषयी एक इशारा द्यावयाचा आहे. मुलाला कुणी नको तेथे स्पर्श केला, लपवून काही दाखवले, धमकावले, तर ते मूल प्रथम बोलत नाही. ते गप्प होते, एखाद्या व्यक्तीजवळ किंवा एखाद्या ठिकाणी जायला नकार देते, झोपेत ओरडते. आणि धीर करून बोलले, तर पुष्कळदा आपणच त्याला म्हणतो, "चूप, अब्रू जाईल." कुणाची अब्रू? खानदानाची, शेजाऱ्याची, नातेवाइकाची, शाळेची, संस्थेची. मुलाची अब्रू राखा, असे मी मघापासून सांगत आले. पण मुलाची अब्रू राखणे वेगळे आणि मोठ्यांचा गुन्हा झाकणे वेगळे. पहिल्यात मुलाचे नाव गुप्त ठेवायचे असते. दुसऱ्यात मुलाचे तोंड बंद केले जाते.

कायद्याने हा फरक स्पष्ट केला आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो हा कायदा लागू आहे. अशा गुन्ह्याची माहिती ज्याला मिळाली त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक कुणीही त्यातून सुटत नाही, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. त्याच वेळी मुलाचे नाव, शाळा, पत्ता प्रसिद्ध करण्यास त्याच कायद्याने मनाई आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेतील दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. तक्रार घेण्यास झालेल्या विलंबामुळे संतापलेले लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मोठ्यांनी उशीर केला की त्याची किंमत मुलाने मोजावी लागते.

मुलाने असे काही सांगितले तर त्याचे ऐकून घ्या. "तू का गेलास तेथे?" असे विचारू नका. "तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही," एवढे म्हणा. पुन्हा पुन्हा दहा जणांसमोर त्याला सांगायला लावू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. तो शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहिलेला असावा. तडजोडीसाठी मोहल्ल्याची बैठक बसवण्याचे हे प्रकरण नव्हे.

माझ्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही येथे शांतपणे बसला आहात, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. वर्गात कुणाला हसले जात असेल तर निदान तुम्ही हसू नका. नवीन आलेल्या मुलाला आपल्या शेजारी बसवा. आणि ज्या गोष्टीने तुम्हाला भीती वाटते किंवा घाण वाटते ती गोष्ट घरी अम्मीला नाही तर शाळेत ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्या सरांना किंवा मॅडमना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. सांगणे ही चुगली नव्हे.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलाला दुसऱ्या मुलाशी तोलू नका, विशेषतः पाहुण्यांसमोर. घरात काही दुःखाचे घडले असेल तर वर्गशिक्षकांना येऊन दोन वाक्ये सांगून जा; कारण माहीत असेल तर शिक्षक रागावत नाही. आणि मूल शाळेतून आले की "किती मार्क पडले?" या प्रश्नाआधी "आज कुणाबरोबर खेळलास?" हे विचारा. या प्रश्नाच्या उत्तरातून तुम्हाला वर्गाची खरी हकीकत कळेल.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सूचना करते. शाळेत एक छोटी खोली असावी, जेथे शिक्षक मुलाशी किंवा पालकाशी एकट्याने, पण दार उघडे ठेवून बोलू शकेल. आज हे बोलणे व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर होते. नवीन वर्ग बांधताना या खोलीचा विचार व्हावा. आणि वर्षातून एकदा सर्व शिक्षकांनी बसून, कुणाचे नाव न घेता, वर्षभरात आलेल्या अशा प्रसंगांचा विचार करावा. निकालाची बैठक होते तशीच ही बैठकही व्हावी.

येत्या सोमवारी घंटा होईल तेव्हा आपल्या प्रत्येक मुलाला वर्गात मान वर करून बसता यावे, एवढी दुआ करते आणि माझे भाषण संपवते.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.